एंजल माशांची अंडी दर वेळी नाहीशी होतात? आधी वेळ बघा

रात्री साडेनऊला फिल्टरच्या पाइपवर अंडी होती. मोहरीपेक्षा बारीक, मधाच्या रंगाची, खालून वर सरळ ओळींत चिकटवलेली, अडीचशे तरी असतील. नर-मादी आळीपाळीने समोर उभे राहून परांनी पाणी हलवत होते. सकाळी सहाला दिवा लावला, तर पाइप घासून ठेवल्यासारखा स्वच्छ. बारा-पंधरा दिवसांनी पुन्हा अंडी आणि पुन्हा सकाळी कोरा पाइप. माझ्याकडे हे सलग सात वेळा झालं.

"आईबापच खातात, ही जोडी बदला," असं मला तिघांनी सांगितलं. मी नवी जोडी आणायला निघालेही होते. पण आठव्या वेळी जागून पाहिलं आणि कळलं की गुन्हेगार दुसराच आहे. त्यानंतरच्या तीन वर्षांत या जोडीने माझ्याकडे कितीतरी वेळा पिल्लं वाढवली. म्हणून ज्यांच्याकडे एंजल अंडी घालतात पण पिल्लं हाती लागत नाहीत, त्यांना माझं एकच सांगणं आहे: मासे बदलण्याआधी अंडी नेमकी कोणत्या टप्प्यावर जातात ते लिहून काढा. पहिल्या रात्री जातात, पांढरी पडून जातात, की फुटल्यावर जातात? तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. टँकशेजारी एक वही ठेवा. अंडी किती वाजता दिसली, किती वाजता शेवटची पाहिली, पाण्याचं तापमान काय होतं आणि त्या आठवड्यात पाणी कुठलं घातलं होतं, एवढं पुरे. ती शेवटची नोंद क्षुल्लक वाटते, पण माझ्या दुसऱ्या कोड्याचं उत्तर तिच्यातच सापडलं.

पहिल्याच रात्री सगळी अंडी गायब

संध्याकाळी घातलेली अंडी सकाळी एकही शिल्लक नसेल, तर पहिला संशय टँकमधल्या इतर माशांवर घ्या, आणि त्यातही सकरवर. शेवाळ खातो, काच साफ ठेवतो म्हणून दुकानदार जवळजवळ प्रत्येक नव्या टँकसोबत एक सकर देतात. दिवसभर तो लाकडामागे नाहीतर कोपऱ्यात निपचित पडलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर कुणाचा संशयही जात नाही. पण तो निशाचर आहे, आणि अंडी हे त्याच्यासाठी शेवाळापेक्षा कितीतरी चांगलं जेवण आहे.

त्या आठव्या रात्री मी टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळून बसले होते. लाल उजेडाने मासे फारसे बिचकत नाहीत. दीडच्या सुमारास सकर काचेवरून उतरला, तळाच्या वाळूवरून सरकत पाइपपाशी आला आणि खालून वर चढू लागला. तोंड पाइपला चिकटलेलं, घाई अजिबात नाही. तो जिथून गेला तिथे मागे अंगठ्याएवढा स्वच्छ पट्टा उरत होता. मादी धडका देत होती, पण अंधारात तिच्या निम्म्या धडका पाण्यातच जात होत्या, आणि ज्या बसत होत्या त्यांचा सकरच्या चिलखतासारख्या अंगावर काही परिणाम नव्हता. नर टँकच्या दुसऱ्या टोकाला गोंधळून उभा होता. वीस मिनिटांत पाइप रिकामा झाला. मी हात घालून सकरला हाकललं असतं, पण एका रात्रीने काय होणार होतं? दुसऱ्या दिवशी त्याला मोठा टँक असलेल्या एका ओळखीच्यांकडे दिलं.

एंजल डोळ्यांनी राखण करतात. उजेड असेल तर ही जोडी स्वतःपेक्षा मोठ्या माशालाही पिटाळून लावते, काळोखात मात्र ती हतबल होते. म्हणून दुसरा उपाय असा, की अंडी असतील त्या रात्री खोलीत झिरोचा बल्ब चालू ठेवायचा. टँकचा दिवा रात्रभर नको, त्याने मासे थकतात आणि शेवाळही माजतं. अंधूक प्रकाश टँकपर्यंत पोहोचला की झालं. टँकचा दिवा एकदम बंद झाला की मासे दचकतात, आणि त्या दचक्यात अंडी खाऊन टाकणाऱ्या जोड्याही असतात. म्हणून आधी खोलीचा बल्ब लावायचा आणि अर्ध्या तासाने टँकचा दिवा घालवायचा.

सकर नसेल तर कोरीडोरास आणि गोगलगायी तपासा. कोरीडोरास हा गुणी मासा आहे, एंजलसोबत एरवी उत्तम राहतो, पण रात्री अंडी सापडली तर सोडत नाही. मोठी अ‍ॅपल गोगलगायही अंड्यांवरून फिरली की ती उरत नाहीत.

हे सगळं नसेल, टँकमध्ये फक्त जोडीच असेल आणि तरी अंडी जात असतील, तर मग आईबाप. पण तिथेही घाई नको. पहिल्यांदाच अंडी घालणारी, आठ-दहा महिन्यांची कोवळी जोडी सुरुवातीला अंडी खाते. तिला चार-पाच संधी द्या. टँक येण्याजाण्याच्या वाटेवर असेल, मुलं काचेवर टकटक करत असतील, तर टँकच्या तीन बाजूंना कागद लावा. अंडी घातल्यावर टँकमध्ये हात घालू नका, पाणी बदलू नका, फोटोसाठी फ्लॅश तर मारूच नका.

अंडी जागेवर राहतात, पण पांढरी पडतात

ही वेगळी तक्रार आहे आणि तिच्यात सोबत्यांचा काही संबंध नसतो. फळलेलं अंडं पारदर्शक राहतं आणि दुसऱ्या दिवशी त्यात गडद ठिपका दिसू लागतो. न फळलेलं अंडं दुधाळ पांढरं होतं, मग त्यावर कापसासारखी बुरशी चढते. थोडी पांढरी पडणं अगदी स्वाभाविक आहे, आणि आईबाप ती वेचून खातात. ती साफसफाई आहे, ती पाहून घाबरू नका. सगळीच्या सगळी पांढरी पडत असतील, तरच शोध घ्यायचा.

पहिली शक्यता अशी, की तुमच्याकडे दोन माद्या आहेत. एंजलचे नर-मादी एरवी दिसायला सारखेच. कपाळाचा उंचवटा, परांची लांबी असल्या खुणांवर अजिबात विसंबू नका. नर मिळाला नाही तर दोन माद्यासुद्धा जोडी जमवतात, पान साफ करतात, अंडी घालतात आणि निष्ठेने राखतातही. "ताई, पक्की जोडी आहे," असं सांगून मला एका दुकानातून दिलेली पहिली जोडी अशीच होती. मला कळलं ते अंड्यांच्या संख्येवरून. एका पाइपवर नेहमीच्या दुप्पट अंडी होती आणि त्यातलं एकही फळलं नाही. खात्री करायची तर अंडी घालण्याच्या आधी एक-दोन दिवस पोटाखाली बाहेर येणारी नळी बघा. नराची बारीक, टोकदार आणि पुढे झुकलेली असते, मादीची जाड आणि बोथट. याशिवाय भरवशाची खूण नाही. म्हणूनच तयार जोडी विकत घेण्यापेक्षा रुपयाच्या नाण्याएवढी सहा पिल्लं आणावीत आणि त्यांना स्वतःच जोडी निवडू द्यावी, हे मला जास्त पटतं. त्यांच्यातले दोघे एक कोपरा धरून बाकीच्यांना तिथून हाकलू लागले की जोडी जमली असं समजा.

दुसरी शक्यता पाणी, आणि आपल्याकडे ही फार मोठी आहे. माझ्या वहीत हे दिसलं: जुलै ते फेब्रुवारी अंडी व्यवस्थित फळत होती, मार्च ते मे पांढरी पडत होती. मासे तेच, टँक तोच. मी आधी उन्हाळ्याच्या गरमीला दोष दिला. पण तापमानाच्या नोंदी जवळपास सारख्याच होत्या. फरक होता तो पाण्याच्या रकान्यात. आमच्या सोसायटीत मार्चपासून पालिकेचं पाणी अपुरं पडतं आणि टँकर सुरू होतात. धरणाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, 100 च्या आसपास यायचा. टँकरच्या बोअरवेलच्या पाण्याचा मोजला तर 640.

टीडीएस म्हणजे थेट पाण्याचा जडपणा नव्हे, पण बोअरवेलच्या पाण्यात हा आकडा चढतो तो बहुतेक वेळा कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळेच. एंजल मूळचे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले. तिथलं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी. दुकानांत मिळणारे एंजल पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत वाढलेले असल्याने जड पाण्यातही मजेत जगतात, खातात, अंडी घालतात. पण जड पाण्यात अंडी फळण्याचं प्रमाण घसरतं. त्यामुळे "मासे तर छान आहेत, मग पाणी वाईट कसं?" असा प्रश्न पडतो आणि आपण चुकीच्या जागी शोधत राहतो.

उपाय घरातच असतो. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी मिसळा. माझं प्रमाण असं: आठवड्याला वीस लिटर बदलायचं असेल, तर पाच लिटर टँकरचं आणि पंधरा लिटर आरओचं. आरओचं पाणी चाळीसच्या आसपास असेल, तर मिश्रण 190 पर्यंत येतं, आणि तेवढं एंजलना चालतं. निव्वळ आरओचं पाणी घालू नका. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने पीएच अचानक घसरू शकतो. बदलही एका दिवसात नको, तीन-चार आठवड्यांत हळूहळू करा.

इथेच एक चूक मी बऱ्याच घरांत पाहिली आहे. आरओमधून वाया जाणारं पाणी बादलीत साठवायचं आणि वाचवलं म्हणून टँकमध्ये घालायचं. पाणी वाचवायची इच्छा चांगलीच आहे, पण ते पाणी लादीसाठी वापरा. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. आमच्या 640 च्या पाण्यातून निघालेलं ते पाणी हजाराच्या वर भरलं होतं.

पावसाळ्यात उलटा त्रास होतो. धरणात गढूळ पाणी येतं आणि नळाला क्लोरिनचा वास जास्त येऊ लागतो. अँटी-क्लोरिन घातल्याशिवाय नळाचं पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका, अंडी असोत वा नसोत.

तिसरं कारण थंडी. 27-28 अंशांना अंडी दोन ते अडीच दिवसांत फुटतात. डिसेंबरात खोली विशीपर्यंत उतरली आणि टँकमध्ये हीटर नसला, तर सगळं लांबतं आणि तेवढ्या वेळात बुरशी जिंकते. हीटर आणि जवळ थर्मामीटर, दोन्ही लागतात. हीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

फुटली, वळवळली आणि मग नाहीशी झाली

अंडी फुटली की पिल्लं लगेच पोहत नाहीत. डोक्याकडच्या चिकट धाग्याने जागेला लटकून शेपट्या हलवत राहतात. अशी चार-पाच दिवस. या काळात आईबाप त्यांना तोंडात घेतात, चघळल्यासारखं करतात आणि दुसऱ्या पानावर नेऊन थुंकतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा जीव जातो. शेजारच्यांचा मुलगा माझ्या टँकसमोर उभा होता आणि ओरडला, "काकू, खातायत ते पिल्लांना!" आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. पाचेक मिनिटांत मागच्या रुंद पानावर पिल्लांचा नवा झुबका दिसला. म्हणून जुनी जागा रिकामी दिसली तरी आधी पानांची मागची बाजू, हीटर, काचेचे कोपरे नीट बघा.

नवी जागा सापडली नाही, तर फिल्टर उघडून बघा. टँकच्या आतल्या मोटरच्या फिल्टरचं तोंड लटकलेली आणि नुकती पोहू लागलेली पिल्लं सहज ओढून घेतं. माझ्या दुसऱ्या खेपेची साठेक पिल्लं मला अशीच स्पंजमध्ये मिळाली. जोडीच्या टँकमध्ये एअर पंपवर चालणारा साधा स्पंज फिल्टर ठेवा. तो ओढत नाही, आणि पिल्लं त्याच्या अंगावर टोचे मारत बारीक जीव खातात. वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंपही ठेवा.

पोहू लागल्यावर आठवडाभरात एकेक करून मरत असतील, तर प्रश्न अन्नाचा आहे. एंजलच्या पिल्लांना हलणारं अन्न लागतं, आणि सुरुवातीला कोरड्या पावडरीवर ती जगत नाहीत. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीच्या जातीचा बारीक जीव, त्याची अंडी आणा. लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम मीठ, खालून जोरात हवा, 27-28 अंश, आणि चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी धूर दिसावा तसे जीव तयार होतात. गाळून, गोड्या पाण्याने धुऊन दिवसातून तीन-चारदा थोडे थोडे द्या. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली की ती खातात हे नक्की. उकडलेल्या अंड्याचा बलक द्यायची जुनी पद्धत आहे, पण त्याने पाणी इतक्या वेगाने नासतं की मी ती सोडून दिली.

सोबती कोण चालतील

पैदास करायची नसेल, फक्त सुंदर टँक हवा असेल, तर एंजलसोबत लेमन टेट्रा, रमीनोज, कोरीडोरास छान नांदतात. त्यांची अंगकाठी एंजलच्या तोंडात मावणारी नाही, आणि पाण्याची, तापमानाची आवडही जवळची.

नियॉन टेट्रा घालू नका. लहान एंजलसोबत महिनोन्‌महिने काही होत नाही, आणि एंजल मोठा झाला की एकेक नियॉन कमी होत जातो. टायगर बार्ब एंजलच्या लांब परांचे तुकडे तोडतात, आणि फाटलेल्या परांचा मासा अंडी घालायच्या मनःस्थितीत राहत नाही. गोल्डफिशला थंड पाणी हवं, एंजलला कोमट. गप्पी आणि मोली जड पाण्याचे मासे आहेत, शिवाय गप्पीची पिल्लं एंजलच्या पोटातच जातात. सकर तर दोन फुटी टँकचा मासाच नव्हे, तो फूटभर आणि त्याहून मोठा होतो. नको झाला म्हणून त्याला नदीत, तळ्यात सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. देशातल्या कितीतरी पाणथळ जागांत हा परका मासा पसरला आहे तो अशाच सोडलेल्या माशांमुळे.

पैदास करायची असेल, तर उत्तर सरळ आहे: जोडीला वेगळा टँक. दोन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच, म्हणजे साधारण सत्तर लिटरचा. त्यात स्पंज फिल्टर, हीटर, पीव्हीसी पाइपचा उभा तुकडा किंवा तिरकी टेकवलेली फरशीची पट्टी, आणि दुसरं कुणी नाही. एकत्र टँकमध्ये ही जोडी अंडी असताना अर्धा टँक बळकावते आणि बाकीच्यांना कोपऱ्यात दाबून ठेवते. त्यात सोबत्यांचेही हाल आणि अंड्यांचेही. काही जोड्या मात्र अगदी एकटं ठेवल्यावर एकमेकांवरच उलटतात. तसं झालं तर वरच्या थरात राहणारे पाच-सहा मध्यम आकाराचे टेट्रा सोडून बघा. राग काढायला समोर कुणीतरी दिसलं की जोडी पुन्हा एक होते. पण अंडी फुटायच्या आत ते टेट्रा बाहेर काढा.

आणि आईबाप खरंच खात असतील तर

पाणी ठीक, सोबती नाहीत, रात्री दिवा आहे, पाच-सहा वेळा होऊन गेलं आणि तरीही तुमच्या डोळ्यांदेखत जोडी अंडी खाते. अशा जोड्या असतात. त्यांना दोष देत बसू नका, अंडी काढून घ्या. अंडी घालून झाल्यावर दोनेक तासांनी पाइपचा तुकडा उचला आणि त्याच टँकचं पाणी भरलेल्या आठ-दहा लिटरच्या काचेच्या भांड्यात उभा करा. हवेचा दगड (एअर पंपच्या नळीच्या टोकाला लावायचा, बुडबुडे सोडणारा) अंड्यांच्या शेजारी असा ठेवा की पाणी त्यांच्यावरून वाहील, पण बुडबुडे थेट लागणार नाहीत. आईच्या परांचं काम आता त्या प्रवाहाने करायचं आहे. बुरशी रोखणारं मेथिलिन ब्लू थेंबाथेंबाने घाला. पाणी निळं व्हावं, तरी पाइप दिसत राहावा. हे औषध मुख्य टँकमध्ये घालू नका, त्याने फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू मरतात. सकाळ-संध्याकाळ पांढरी अंडी ड्रॉपरने टिपून काढा, नाहीतर एकाची बुरशी शेजारच्याला लागते. पिल्लं वळवळू लागली की रोज थोडं थोडं पाणी बदलत निळा रंग फिका करत न्या. आर्टेमिया मात्र ती पोहू लागण्याच्या आदल्या दिवशीच भिजत घाला, कारण पोहायला लागल्यावर त्यांना लगेच खायला लागतं आणि आर्टेमिया फुटायला किमान एक दिवस घेतो.